उन्हावर चालणारी हजेरी

बाभुळगाव तालुक्यातल्या एका बचत गटाच्या मिनी डाळमिलमध्ये यंत्राजवळ दोनच बाया लागतात. एक तूर ओतते, दुसरी पोती धरते. यंत्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नमुन्याचं. विदर्भातले अनेक बचत गट तसंच चालवतात. माणसांचा खरा घोळ बाहेर, ताडपत्रीवर.

तुरीचं टरफल डाळीला डिंकासारख्या थरानं घट्ट चिकटलेलं असतं. म्हणून पहिल्या फेरीत दाण्याला नुसते ओरखडे पाडायचे, तेलाचा हात द्यायचा आणि रात्रभर ढीग झाकून ठेवायचा. मग दोन-तीन दिवस ऊन. एका संध्याकाळी पाणी शिंपडून पुन्हा झाकायचं, पुन्हा वाळवायचं, मग भरडायचं. सोमवारी लावलेला लॉट शनिवारच्या आत क्वचितच भरडायला यंत्रावर चढतो. एवढं करून 100 किलो तुरीतून 70 ते 75 किलो डाळ हाती येते. बाकी चुनी नि टरफल ढोरांना.

रोज नवा लॉट लावला तर तीन-चार दिवसांत ताडपत्री अपुरी पडते. एकदमच मोठा लावला तर पसरायला बाया कमी पडतात. त्यामुळे गटाच्या अध्यक्षबाई आधी जागा मोजतात, मग माणसं. भरडायचा दिवस धरून उलट मोजत यायचं, हा त्यांचा हिशेब वहीत नाही, तोंडी आहे.

ताडपत्रीवर काम दोनदाच: सकाळी पसरणं, ऊन उतरताना गोळा करणं. मधे एक आजी दाणे चाळवत, बकऱ्या हाकलत बसतात. पुरी रोजी त्यांना एकट्यांनाच. बाकीच्यांना आठ तास बसवायला गटाला परवडत नाही आणि बायांनाही नाही, कारण तूर येते त्याच दिवसांत कापसाची शेवटची वेचणी चालू असते. ‘‘दिवसभर बसून राह्याचं त मी वेचनी काहून सोडू जी?’’ असं एकीनं सरळ विचारलं. तिचं खरं होतं. आता बाया पसरून वावरात जातात, संध्याकाळी परततात आणि मजुरी क्विंटलवर वाटून घेतात. 1959 साली गिरगावात सात बायांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतचीही रीत अशीच: सकाळी पीठ न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून किलोवर मजुरी घ्यायची. 1948 च्या कारखाने कायद्यानं आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. पण ताडपत्रीवरच्या कामाला घड्याळ लावायचं कुठं, हाच प्रश्न. सकाळची ताडपत्री, दिवसभराची वेचणी आणि संध्याकाळची ताडपत्री धरली तर बाईचा दिवस किती तासांचा होतो, हे मात्र कुणी मोजत नाही.

फेब्रुवारीत आभाळ भरून आलं की सगळा बेत कोसळतो. फोन फिरतात, वावरातल्या बाया येईतो घरची पोरंसोरं टोपली घेऊन धावतात. भिजलेला लॉट पुन्हा पहिल्या उन्हापासून.

एप्रिल-मेमध्ये ऊनही कडक नि हातही रिकामे. मग काम तेव्हाच का नाही काढत? अध्यक्षबाईंनी बोटांवर मोजून दाखवलं. तूर जानेवारी-फेब्रुवारीत घेऊन ठेवायची तर पैसा अडकतो, ठेवलेल्या तुरीला भुंगा लागतो आणि कोरडं गोदाम गटाकडे नाही. भांडवल असतं तर उन्हाळ्यात सलग पाळ्या लावता आल्या असत्या. तोवर हजेरी वेचणीच्या सवडीनंच लागणार.