कापलेला पाय दुखतो तेव्हा



धान चुरताना यंत्रात पाय सापडतो, कोणी ट्रॅक्टरखाली येतो, कोणाची मधुमेहातली जखम चिघळते. मग जीव वाचवण्यासाठी पाय कापावा लागतो. माणूस घरी येतो आणि चार दिवसांनी रात्री कण्हत सांगतो, "अंगठ्यात कळा येतात." अंगठा तर राहिलेलाच नाही! घरची माणसे घाबरतात. कोणी भ्रम म्हणते, कोणी अंगारा आणायला धावते.

पण हा भ्रम नव्हे. सायलस वेअर मिचेल या अमेरिकन डॉक्टरांनी १८७१ साली या प्रकाराला जे नाव दिले, त्याचा अर्थ 'भुतासारखा अवयव' असा होतो. नावात भूत असले तरी अंगात भूत नाही. जमीन विकली, तरी फेरफार होईपर्यंत सातबाऱ्यावर जुनेच नाव राहते. तसेच पाय गेला, तरी मेंदूतली त्याची नोंद शिल्लक असते. म्हणून दुखणे खरेच असते.

दुखू लागले की माणूस अंग आवळतो, श्वास रोखतो, झोप उडते. आवळलेल्या अंगाला कळ जास्त जाणवते आणि कळ वाढली की अंग आणखी आवळते. हे चक्र तोडायला औषधाच्या जोडीला अंग सैल सोडण्याचा सराव उपयोगी पडतो. एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी १९२९ साली पुस्तक लिहून त्याची रीत मांडली. आधी स्नायू आवळायचा, मग सोडायचा. आपल्या शवासनाशी तिचे जवळचे नाते आहे.

रीत अशी. जेवणानंतर लगेच नव्हे, शांत वेळी उताणे पडावे. नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. असे पाच-सहा वेळा करावे. मग मुठी आवळून पाचपर्यंत मोजावे आणि एकदम सैल सोडाव्या. त्याच क्रमाने दंड, खांदे, चेहरा, पोट आणि धडका पाय घ्यावा. शेवटी मनातल्या मनात गेलेल्या पायाची बोटे हळूच वाकवावी व मोकळी सोडावी. पंधरा मिनिटे पुरतात. रोज केले तरच गुण येतो. एका पाण्यावर पीक येत नाही.

मात्र जखम भरलेली नसेल, तर पायाचा उरलेला भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय आवळू नये. तो लाल झाला, सुजला, पू आला किंवा ताप भरला, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये.

आराम म्हणून त्या भागाखाली उशी ठेवणे ही सर्रास होणारी चूक. त्याने गुडघा किंवा जांघ वाकलेलीच आखडते आणि पुढे कृत्रिम पाय नीट बसत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली, की दिवसातून दोन-तीनदा थोडा वेळ पालथे झोपावे.

घरच्या माणसांनो, "पाय नाही तर दुखतो कसा?" असे विचारू नका. त्याच्याजवळ बसा, श्वास मोजा. पहिल्या महिन्यांत सराव कोणीतरी करवून घ्यावा लागतो. कारभारणीने किंवा मुलाने हे काम अंगावर घ्यावे.

पुढची वाटही आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली जखमी सैनिकांसाठी सुरू झाले. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. जयपूर फूट तर मांडी घालून बसणाऱ्या, अनवाणी बांधीत उतरणाऱ्या आपल्या माणसांचा विचार करूनच बनला. जवळची सोय कोठे आहे, ते भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात विचारावे. तिथल्या फिजिओथेरपिस्टकडून वरचा सराव एकदा समक्ष शिकून घ्यावा.

कृत्रिम पाय बसवायला वेळ लागतो. अंग सैल सोडायला मात्र आज रात्रीपासूनच सुरुवात करता येते.