परदेशातील एशियन दुकान आणि आपला शिधा

व्यापार म्हणजे केवळ देवघेव नव्हे. तो विश्वासाचा व्यवहार होय, ही गोष्ट आमच्या सभासदांस नव्याने सांगावयास नको. वाळवंटीच्या काठी वसलेल्या साखळीत आठवड्याच्या बाजारास येणारे गिऱ्हाईक किराण्याच्या दुकानात शिरते, तेव्हा ते पुडीवरील मजकुरापेक्षा दुकानदाराच्या शब्दावर अधिक विसंबते. मसाल्यात लसूण आहे काय, हिंगात कशाचे पीठ मिसळले आहे, हे विचारावे आणि खरे उत्तर मिळावे, ही येथील रीत. साखळीजवळच कुडणे येथे ‘गुजीर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन जैन वास्तूचे अवशेष आहेत. या मुलखाशी आमच्या समाजाचा संबंध किती जुना आहे, याची ती साक्ष होय.

परंतु आज घरोघरची मुलेमुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी समुद्रापार जात आहेत. इंग्लंडातील स्विंडनसारख्या गावी तर गोमंतकीयांची मोठी वस्ती झाली आहे. तेथे शिधा भरण्यासाठी ‘एशियन’ दुकानाचीच वाट धरावी लागते. आणि तेथे ओळखीचा दुकानदार नसतो. पुडीवरील बारीक अक्षरे हीच काय ती साक्ष! ती कशी वाचावी, याचे थोडे विवेचन सभासदांच्या कुटुंबांस उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

प्रथम ‘एशियन’ या शब्दाचा अर्थ समजून घ्यावा. इंग्लंडात हा शब्द बहुधा हिंदुस्थान, पाकिस्तान व बांगलादेश येथील लोकांस लावतात. अमेरिकेत मात्र त्याने चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम हे देश मनात येतात. १९६५ साली अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा सैल झाला, १९७२ साली युगांडातून आशियाई लोकांची हकालपट्टी झाली, आणि दोन्ही देशांत आपल्या लोकांची संख्या वाढली. त्यांच्यामागून डाळ, तांदूळ व मसाले विकणारी दुकानेही उभी राहिली. शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर १९७४ साली निघालेले ‘पटेल ब्रदर्स’ हे अशाच एका दुकानाचे नाव. त्याच्या शाखा आज अमेरिकेतील अनेक राज्यांत आहेत.

दुसरी अडचण नावांची. तूरडाळ तेथे ‘पिजन पी’, उडीद ‘ब्लॅक ग्राम’, तर बेसन ‘ग्राम फ्लावर’ या नावाने मिळते. ‘टॅपिओका पर्ल्स’ म्हणजे आपल्या साबुदाण्याचेच भावंड. तो कंदापासून होतो, हे कंदमूळ वर्ज्य करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. ‘ग्लूटिनस राइस’ म्हणजे केवळ चिकट भाताचा तांदूळ. गव्हातील ग्लूटेनशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेत ‘चिली पावडर’ म्हणून जी डबी मिळते, ती पुष्कळदा निव्वळ मिरचीची पूड नसते. तीत जिरे, ओरेगॅनो व लसूणही असतो. कांदालसूण न खाणाऱ्याने ती आपले लाल तिखट समजून घेऊ नये.

आता मुख्य मुद्दा. आपल्या देशात शाकाहारी मालाच्या वेष्टनावर हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका कायद्यानेच छापावा लागतो. परदेशात तशी सक्ती सर्वत्र नाही. म्हणून घटकांची यादी वाचणे आलेच. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे जो पदार्थ सर्वांत अधिक, तो प्रथम. २०१४ च्या डिसेंबरपासून युरोपात लागू झालेल्या नियमांनुसार मासळी, कोळंबीवर्गीय प्राणी, शिंपले, अंडी, दूध इत्यादी १४ घटक यादीत ठळकपणे दाखवावे लागतात, आणि इंग्लंडातही हीच पद्धत चालू आहे. शाकाहारी गिऱ्हाइकास याचा मोठा आधार होतो. परंतु हा नियम अॅलर्जीकरिता आहे, आहारव्रताकरिता नव्हे. मांस व हाडाकातड्यांपासून होणारे जिलेटिन त्या १४ घटकांत येत नाही. अमेरिकेतील तशाच यादीत मासळी व कोळंबी आहे, पण कालवे नाहीत. म्हणून केवळ ठळक अक्षरांवर न विसंबता संपूर्ण यादी वाचावी.

पूर्वेकडील मालात तर विशेष सावधगिरी हवी. थायलंड व व्हिएतनामच्या स्वयंपाकात मासळीचा अर्क मिठासारखा वापरतात. आपल्याकडील गालमो ज्यांस ठाऊक आहे, त्यांस त्याची कल्पना येईल. कोरियाची ‘किमची’ वरून कोबीचे लोणचे दिसते, पण तीत बहुधा मासळीचा अर्क वा खारवलेली कोळंबी असते. भाज्यांवर घालावयाच्या ‘ऑयस्टर सॉस’मध्ये कालवांचा अर्क असतो. युरोपीय क्रमांकांपैकी ई १२० हा लाल रंग कीटकांपासून करतात. ई ६३१ मांस वा मासळीपासूनही होऊ शकतो, वनस्पतिज पदार्थ आंबवूनही होतो. ई ४७१ची चरबी वनस्पतीची असू शकते किंवा प्राण्याची. शंका आल्यास उत्पादकास विचारावे, अन्यथा ती पुडी ठेवून द्यावी. उलट ई ४०६ म्हणजे समुद्रवनस्पतीपासून होणारा आपला चायना ग्रास. प्राणिज जिलेटिनच्या जागी तो चालतो. सोयाचे ‘टोफू’, मुगाच्या पिठीच्या पारदर्शक शेवया, तांदळाचे पापुद्रे असे कितीतरी जिन्नसही तेथे सुखेनैव घेता येतात. मात्र यादी त्यांचीही वाचावी.

हे सारे गिऱ्हाइकाच्या बाजूने झाले. व्यापारी म्हणून आम्हांस यातून एक बोध घ्यावासा वाटतो. परगावी एकट्या राहणाऱ्या मुलाला पुडीवर एखादा मोघम शब्द दिसला की तो उपाशी राहतो, किंवा नकळत नियम मोडतो. आमच्या साखळीची आमसुले, तिरफळे व घरगुती मसाले आज पाहुण्यांच्या पेट्यांतून दूरदेशी जातात. त्या पुड्यांवर काय काय घातले आहे, ते केव्हा भरले, त्यात कांदालसूण आहे की नाही, एवढे स्वच्छ अक्षरांत लिहिण्यास फारसा खर्च येत नाही. पूर्वी दुकानदाराचा शब्द गिऱ्हाइकास पुरत असे. आता माल जेथवर जातो तेथवर दुकानदार जाऊ शकत नाही. म्हणून त्याचा तो शब्द पुडीवर छापलेला असावा, आणि तो खरा असावा. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पत पुढील पिढीच्या हाती सुपूर्द करण्याचा हाच राजमार्ग होय, असे आम्ही मानतो.