आधी शेजाऱ्याचा वाटा, मग ईद : मुस्लिम सणांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ईदेचा शिरखुर्मा, मोहरमचे ताबूत, दर्ग्याचा उरूस या गोष्टी महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांना ओळखीच्या आहेत. तरीही हे दिवस का पाळले जातात, असं विचारलं की उत्तरं अंदाजानंच येतात. काही अंदाज निरुपद्रवी असतात, पण काही शेजाऱ्याविषयी संशय पेरतात. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गल्लीत राहणाऱ्यांमध्ये एवढं अज्ञान असू नये, म्हणून नेहमी ऐकू येणारे काही गैरसमज इथे एकेक करून तपासू.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सर्व मुस्लिमांना धर्मानं नेमून दिलेले सण दोनच आहेत : ईद-उल-फित्र, म्हणजे रमजान ईद आणि ईद-उल-अजहा, म्हणजे बकरी ईद. इसवी सन 622 मध्ये पैगंबर मुहम्मद मक्का सोडून मदिनेला आले, तेव्हा तिथले लोक वर्षातले दोन दिवस खेळ-करमणुकीत घालवत. त्यांच्या जागी पैगंबरांनी या दोन ईद सांगितल्या, असं परंपरा मानते. पहिली ईद महिनाभराच्या रोजांनंतर येते, तर दुसरी हज यात्रेतल्या अराफातच्या मैदानावरच्या मुख्य दिवसानंतर. म्हणजे दोन्हीकडे आधी साधना आहे आणि मग सण.

गैरसमज : रमजान म्हणजे दिवसा उपास आणि रात्रभर मेजवानी.

वस्तुस्थिती : मुंबईतल्या मोहम्मद अली रोडवरची खाऊगल्ली वर्तमानपत्रांत दरवर्षी दिसते, त्यामुळे हे चित्र पक्कं झालं आहे. प्रत्यक्षात पहाटेच्या सहेरीपासून सूर्यास्ताच्या इफ्तारपर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. खोटं बोलणं, चहाडी आणि भांडण यांनीही रोजाचं मोल जातं, अशी शिकवण आहे. कुराणाचं अवतरण याच महिन्यात सुरू झालं, अशी श्रद्धा असल्यानं रात्रीच्या तरावीहच्या नमाजात अनेक मशिदींमध्ये महिनाभरात संपूर्ण कुराण ऐकलं जातं.

हा उपास कुणाचा छळ व्हावा म्हणूनही नाही. आजारी माणूस आणि प्रवासी यांना सवलत आहे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला त्रास होण्याची भीती असेल तर तिलाही आहे. राहिलेले रोजे पुढे सवडीनं पूर्ण करायचे असतात. ज्या वृद्धाला किंवा कायमच्या रुग्णाला ते कधीच झेपणार नाहीत, त्यानं प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घालावं. रोजा असताना थुंकीही गिळायची नसते, ही समजूत चुकीची आहे. विसरून पाणी प्यायल्यानं रोजा मोडत नाही, असं बहुतेक धर्मपंडित मानतात.

गैरसमज : रमजान ईद म्हणजे नवे कपडे, अत्तर आणि शिरखुर्मा.

वस्तुस्थिती : हा आनंद खराच आहे आणि तो धर्मानं सांगितलेलाही आहे. ईदेच्या दिवशी रोजा ठेवायला चक्क मनाई आहे. मात्र त्या आनंदाला एक अट आहे. ईदेच्या नमाजाला निघण्यापूर्वी 'फितरा' द्यावा लागतो. घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी तान्ह्या बाळामागेही, ठरावीक मापाचं धान्य किंवा त्याची किंमत गरिबाकडे पोचवायची असते. सुन्नी मुस्लिमांच्या हनफी पंथात हे माप साधारण पावणेदोन किलो गव्हाचं धरतात. कोकणी मुस्लिम बहुसंख्येनं शाफई या दुसऱ्या सुन्नी पंथाचे आहेत. त्या पंथात आपल्या भागातल्या मुख्य धान्याचं सुमारे अडीच ते तीन किलो माप द्यायचं असतं, आणि कोकणात मुख्य धान्य म्हणजे तांदूळ. नमाजानंतर दिलं तर ते साधं दान ठरतं, असं परंपरा सांगते. गावातली एकही चूल त्या दिवशी थंड राहू नये, यासाठी वेळेचं हे बंधन आहे.

याशिवाय जकात आहेच. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर शिल्लक राहिली, तर तिचा अडीच टक्के भाग गरजूंचा हक्क म्हणून काढायचा असतो. जकात वर्षात केव्हाही देता येते, पण पुष्कळ लोक तिचा हिशोब रमजानमध्येच करतात.

गैरसमज : मुस्लिम चंद्राची पूजा करतात, म्हणून ईद चंद्रावर ठरते.

वस्तुस्थिती : सूर्याला किंवा चंद्राला नमन करायला कुराणानं स्पष्ट मनाई केली आहे. चंद्र इथे फक्त महिना मोजण्याचं साधन आहे. चंद्रकोर दिसली की नवा महिना लागतो. इस्लामी कालगणनेतलं हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं असतं. हिंदू पंचांगातले महिनेही चांद्रच आहेत, पण साधारण तीन वर्षांनी येणारा अधिक मास त्यांना ऋतूंशी बांधून ठेवतो. हिजरी कालगणनेत असा महिना घालत नाहीत, म्हणून तिथले सण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात. 2016 साली रमजान ईद जुलैत भर पावसात होती, 2025 साली ती 31 मार्चला आली. 2030 साली तर रमजान जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस, असा दोनदा सुरू होईल. सुमारे 33 वर्षांत हे चक्र पुरं होतं. त्यामुळे उन्हाळ्यातले लांब, तहानेचे रोजे आणि हिवाळ्यातले आखूड रोजे जगातल्या प्रत्येकाच्या वाट्याला आळीपाळीनं येतात.

दोन ठिकाणी दोन दिवशी ईद झाली, तर त्यामागे नेहमी भांडणच असतं असं नाही. चंद्रकोर सगळीकडे एकाच संध्याकाळी दिसत नाही, आणि दाऊदी बोहरा समाज तर आधीच आखलेलं गणिती कॅलेंडर पाळतो.

गैरसमज : बकरी ईद म्हणजे देवाला रक्त-मांस वाहण्याचा सण, आणि कुर्बानी प्रत्येक मुस्लिमाला सक्तीची.

वस्तुस्थिती : हा सण पैगंबर इब्राहिम यांच्या कसोटीची आठवण आहे. ईश्वराच्या आज्ञेखातर ते आपल्या मुलाचं बलिदान द्यायला सिद्ध झाले. मुस्लिम परंपरेनुसार तो मुलगा म्हणजे इस्माईल. ऐन क्षणी ईश्वरानं मुलाला वाचवलं आणि त्याच्या जागी पशू दिला. कुराण याविषयी नि:संदिग्ध आहे : ईश्वरापर्यंत मांसही पोचत नाही आणि रक्तही नाही, पोचते ती माणसाची निष्ठा.

कुर्बानी ऐपतीशी बांधलेली आहे. हनफी पंथात ती ठरावीक संपत्ती असलेल्यांनाच आवश्यक आहे, तर शाफई पंथात ती आग्रहानं सांगितलेली, पण सक्तीची नसलेली कृती आहे. ऐपत नसताना कर्ज काढून बकरा आणावा, असं धर्म सांगत नाही. मांसाचे तीन वाटे करण्याची रीत आहे : एक घरचा, एक नातलग-मित्रांचा, एक गरिबांचा. कसायाची मजुरी मांसात किंवा कातड्यात देता येत नाही, ती वेगळी द्यावी लागते. कातडं विकलं तर पैसे दानात जातात. जनावर आजारी, लंगडं किंवा आंधळं चालत नाही. त्याच्यासमोर सुरी परजू नये आणि एका जनावरादेखत दुसरं कापू नये, अशीही ताकीद आहे.

पशुहत्येविषयी कुणाचे तात्त्विक आक्षेप असू शकतात, आणि त्यांवर चर्चाही व्हावी. पण ती चर्चा सणाचा खरा अर्थ समजून घेऊन व्हायला हवी.

गैरसमज : मोहरम हा मुस्लिमांचा आनंदाचा सण आहे.

वस्तुस्थिती : मोहरम हा हिजरी वर्षाचा पहिला महिना आहे आणि त्याचा दहावा दिवस, आशुरा, शोकाचा आहे. हिजरी 61 मध्ये, म्हणजे 10 ऑक्टोबर 680 रोजी, आजच्या इराकमधल्या करबला इथे पैगंबरांचे नातू इमाम हुसैन मोजक्या साथीदारांसह मारले गेले. खलिफा यझीदच्या सत्तेला निष्ठा वाहायला त्यांनी नकार दिला होता. त्यांच्या तळाला फरात नदीचं पाणी तोडलं गेलं, मुलंबाळं तहानेनं तळमळली. मोहरमच्या दिवसांत रस्त्यारस्त्यांवर वाटलं जाणारं पाणी आणि सरबत त्या तहानेची आठवण आहे.

शिया समाज या दिवसांत मातम म्हणजे शोक करतो, मजलिस म्हणजे शोकसभा भरवतो. अनेक सुन्नी आशुराला रोजा ठेवतात, कारण इजिप्तचा राजा फिरौन याच्या जाचातून पैगंबर मूसा आणि त्यांच्या लोकांची सुटका याच दिवशी झाली, असं ते मानतात. महाराष्ट्राच्या गावागावांत बसणारे पंजे, निघणाऱ्या सवाऱ्या आणि ताबूत यांत हिंदूंचाही मोठा सहभाग असतो. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावच्या उंच ताबुतांच्या भेटी दोन्ही समाज मिळून घडवतात. या सोहळ्याला जत्रेचं रूप आलं असलं, तरी मुळात ती एका अन्यायाची आठवण आहे. म्हणून मोहरमला 'शुभेच्छा' देऊ नयेत.

गैरसमज : ईद-ए-मिलाद आणि उरूस सगळे मुस्लिम सारखेच पाळतात.

वस्तुस्थिती : ईद-ए-मिलाद हा पैगंबरांच्या जन्माचा दिवस, रबी-उल-अव्वल महिन्याची 12 तारीख. हा दिवस साजरा करण्याची आज्ञा कुराणात नाही. अनेकजण तो प्रेमानं, मिरवणुकीनं साजरा करतात, तर काही पंथ साजरा करणं टाळतात. उरसाचंही तसंच आहे. सूफी संतांच्या पुण्यतिथीला चादर चढवणं अनेकांना प्रिय आहे, काहींना अमान्य. माहीमच्या मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्यात मुंबई पोलिसांना मानाचं स्थान आहे, आणि तिथे दर्शनाला सर्व धर्मांचे लोक येतात. 'मुस्लिम समाज' असा एकच साचा मनात धरला, की हे वैविध्य नजरेतून सुटतं.

2023 साली ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी 28 सप्टेंबरला एकत्र आली. गणेश विसर्जनाला अडचण नको, म्हणून मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी आपली मुख्य मिरवणूक एक दिवस पुढे नेली आणि राज्य सरकारनंही मिलादची सुट्टी 29 तारखेला दिली. तणावाच्या बातम्या जशा लक्षात राहतात, तसा हा निर्णयही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दोन्ही ईदेला 'ईद मुबारक' मोकळेपणानं म्हणावं. आशुराच्या दिवशी शेजाऱ्याच्या शोकाचा मान राखावा. काही कळलं नाही तर व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुरावर विसंबू नये, थेट शेजाऱ्यालाच विचारावं. फितऱ्याचं धान्य, कुर्बानीचा तिसरा वाटा आणि मोहरमचं सरबत यांच्या मुळाशी एकच आग्रह आहे : आपल्या भुकेनं दुसऱ्याची भूक कळावी आणि आपल्या सणात त्याचा वाटा आधी निघावा. कोणत्याही धर्माच्या माणसाला हा आग्रह परका वाटण्याचं कारण नाही.