'दिसलं कसं नाही?' या प्रश्नापाशी थांबू नका

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी विमानांच्या टकरींचा एक तक्ता केला होता. शेवटचा रकाना होता 'कारण', आणि त्यात बहुतेक ओळींत मी एकच उत्तर भरलं होतं: 'वैमानिकाला दुसरं विमान दिसलं नाही'. गाईडनी तक्ता बघितला आणि विचारलं, "हे कारण आहे की घटनेचं वर्णन?" त्या प्रश्नापायी माझे चार महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

एकच उदाहरण घेऊ. 31 ऑगस्ट 1986. एरोमेक्सिकोचं डीसी-9 लॉस एंजेलिसला उतरण्यासाठी खाली येत होतं. त्याच भागातून पायपर बनावटीचं एक छोटं खासगी विमान तीन जणांना घेऊन चाललं होतं. गर्दीच्या विमानतळाभोवती नियंत्रित हवाई क्षेत्र असतं; तिथे परवानगीशिवाय शिरायचं नाही. पायपर शिरलं. सेरिटोस या उपनगरावर, सुमारे साडेसहा हजार फुटांवर दोघांची टक्कर झाली. डीसी-9 मधले 64, पायपरमधले 3 आणि जमिनीवरचे 15, असे 82 लोक गेले. वेळ दुपारी बाराच्या आसपासची, हवा स्वच्छ.

मग दिसलं कसं नाही?

डोळ्यांकडून आपण काय मागतो?

जरा गणित करा. समजा, दोन विमानं ताशी 550 किलोमीटर वेगाने एकमेकांच्या जवळ येतायत. म्हणजे सेकंदाला साधारण 150 मीटर. समोरचं विमान दिसणं, धोका ओळखणं, निर्णय घेणं आणि विमान प्रत्यक्ष वळणं, या सगळ्याला अमेरिकेची एफएए 12.5 सेकंद धरते. तेवढ्या वेळात जवळपास 1.9 किलोमीटर अंतर संपतं. छोट्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत 11 मीटर धरले, तर एवढ्या अंतरावरून ते पौर्णिमेच्या चंद्राच्या दोन तृतीयांशापेक्षाही कमी रुंद दिसतात. या क्षणापर्यंत ते सापडलं नसेल, तर उशीर झालेला असतो.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. हायवेवर तुम्ही सरळ जाताय आणि बाजूच्या रस्त्याने ट्रक येतोय. तो काचेवर पुढे किंवा मागे सरकत असेल, तर टक्कर होणार नाही. तो एकाच जागी राहून नुसता मोठा होत असेल, तर सांभाळा! दोन विमानं सरळ रेषेत, स्थिर वेगाने टकरीच्या मार्गावर असतील तेव्हा हेच होतं. आपला डोळा हालचाल चटकन टिपतो. स्थिर ठिपका त्याच्या नजरेतून सुटतो. म्हणजे जे विमान खरोखर धोक्याचं, तेच दिसायला सगळ्यात अवघड.

आता प्रश्न बदलतो. 'का दिसलं नाही' याऐवजी 'दिसलं नसतं तरी वाचवणारं दुसरं काय होतं?'

उत्तर होतं: फार काही नाही. पायपरमध्ये ट्रान्सपाँडर होता, पण तो उंची कळवत नव्हता. आणि डीसी-9 मध्ये टक्कर टाळण्याची इशारा-यंत्रणा, म्हणजे टीकॅस, नव्हती. नंतर अमेरिकेत दोन्ही बाजूंनी नियम आले. मोठ्या प्रवासी विमानांना टीकॅस सक्तीचं झालं, आणि प्रमुख विमानतळांपासून 30 सागरी मैलांच्या आत, थोडे अपवाद सोडता, उंची कळवणारा ट्रान्सपाँडर आवश्यक ठरला. हे दोन नियम वेगवेगळे वाचू नका. टीकॅस समोरच्या विमानाच्या ट्रान्सपाँडरला विचारूनच काम करतं. समोरून उंची कळलीच नाही, तर 'वर जा' की 'खाली जा' हे ते सांगू शकत नाही. मोठ्या विमानाची सुरक्षा छोट्या विमानातल्या डब्यावर अवलंबून आहे.

मग प्रश्न सुटला का? नाही. 29 जानेवारी 2025 ला वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाजवळ प्रवासी जेट आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकले. 67 जण गेले. जेट दिसतंय, आम्ही नजरेने अंतर राखतो, असं हेलिकॉप्टरमधून सांगितलं गेलं होतं. पुन्हा डोळेच! आणि टक्कर झाली त्या सुमारे 300 फुटांवर टीकॅस 'वर-खाली'चा सल्ला देत नाही. त्याची रचनाच तशी आहे.

संशोधक म्हणून मला जास्त हादरवलं ते तपासातल्या आकड्यांनी. ऑक्टोबर 2021 ते डिसेंबर 2024 या काळात त्या विमानतळावर प्रवासी विमान आणि हेलिकॉप्टर यांच्यात एका सागरी मैलापेक्षा कमी आडवं आणि 400 फुटांपेक्षा कमी उभं अंतर राहिल्याच्या 15,214 घटना निघाल्या. हीच मर्यादा 1,500 फूट आणि 200 फूट केली, की उरतात 85. यातून दोन गोष्टी शिका. एक, 'कॉन्फ्लिक्ट' किती झाले हे तुमच्या व्याख्येवर ठरतं, म्हणून मर्यादा आधी लिहा आणि ती का निवडली तेही लिहा. दोन, अपघाताच्या आधीही डेटा असतो. तो कोणीतरी वेळेत मोजावा लागतो.

माझ्या तक्त्यात आता 'कारण' हा रकाना नाही. त्याजागी दोन आहेत: 'त्या माणसाला काय दिसणं शक्य होतं?' आणि 'त्याला दिसलं नाही, तर पुढचा आधार कोणता होता?' दुसरा रकाना रिकामा राहिला, की समजायचं, संशोधनाचा विषय तिथे आहे. तुमचा विषय विमानांचा नसला तरी एकदा करून बघा.