'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' का चुकतं? समजून घ्या 'हॅव'चा वापर

'टेल मी अबाउट युवर फॅमिली.' मुलाखतीत हा प्रश्न आला की अनेक उमेदवार सांगतात, 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स.' भारतात हे वाक्य सर्रास ऐकू येतं आणि समोरच्याला अर्थही कळतो. पण प्रमाण इंग्रजीत ते चूक मानलं जातं. बरोबर वाक्य आहे, 'आय हॅव टू ब्रदर्स.'

'हॅव' हा शब्द शाळेत सुरुवातीलाच शिकवला जातो. मग गोंधळ का होतो? याचं कारण बरंचसं मराठीत आहे.

मराठीत 'हॅव' कुठे आहे?

मराठीत 'हॅव'साठी वेगळं क्रियापद नाही. आपण 'असणे' वापरतो आणि बाकीचं काम प्रत्ययांवर सोपवतो. 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे गाडी आहे', 'माझ्याजवळ पैसे आहेत', 'तिला ताप आहे'. या चारही वाक्यांना इंग्रजीत एकच शब्द लागतो, 'हॅव' किंवा 'हॅज'.

यातून दोन चुका होतात. पहिली, 'आहे' दिसलं की डोक्यात 'अ‍ॅम' येतं. 'मी जेवत आहे' म्हणजे 'आय अ‍ॅम ईटिंग', मग 'गाडी आहे' म्हणजे 'आय अ‍ॅम हॅविंग अ कार', असा हिशेब होतो.

दुसरी चूक एकवचन-अनेकवचनाची. 'तिला दोन भाऊ आहेत' यात 'आहेत' हे भावांमुळे येतं. इंग्रजीत मात्र क्रियापद मालकाकडे बघतं. भाऊ कितीही असले तरी 'शी हॅज'च. प्रश्न किंवा नकार असेल, तर 'डझ' येतं आणि 'हॅज'चं पुन्हा 'हॅव' होतं: 'डझ शी हॅव अ लॅपटॉप?'

मग 'हॅविंग' कधी चालतं?

'हॅव'चा अर्थ एखादी कृती असेल, तर चालतं. 'वुई आर हॅविंग लंच' म्हणजे आम्ही जेवतोय. 'दे आर हॅविंग अ मीटिंग' म्हणजे त्यांची मीटिंग चालू आहे. साधी खूण अशी: मराठीत 'करतोय', 'घेतोय', 'चालू आहे' असं म्हणता आलं, तर 'हॅविंग'. नुसतं 'आहे' असेल, तर 'हॅव'.

'हॅव टू' म्हणजे काय?

'आय हॅव टू गो' म्हणजे मला जावं लागेल. बोलताना याचा उच्चार 'हॅफ्टू' असा होतो. खरी अडचण नकारात येते. 'यू डोन्ट हॅव टू कम' म्हणजे 'येऊ नका' नव्हे, तर 'आलं नाही तरी चालेल'. मनाई करायची असेल तर 'यू मस्ट नॉट कम'. ऑफिसच्या मेलमध्ये हा फरक चुकला, तर निरोपच बदलतो.

'काल' आला की 'हॅव' गेला

'मी काल मेल पाठवला आहे' हे मराठीत चालतं. इंग्रजीत 'आय हॅव सेंट द मेल यस्टरडे' चालत नाही. 'काल', 'गेल्या आठवड्यात', '2019 मध्ये' अशी संपलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळ येतो: 'आय सेंट द मेल यस्टरडे'. वेळ सांगायची नसेल, तर 'आय हॅव सेंट द मेल' बरोबर.

'ही हॅज गॉन टू दिल्ली' म्हणजे तो दिल्लीला गेलाय, अजून परतलेला नाही. 'ही हॅज बीन टू दिल्ली' म्हणजे तो दिल्लीला जाऊन आलाय.

केस कोणी कापले?

'आय कट माय हेअर' याचा सरळ अर्थ, केस स्वतःच कापले. सलूनमध्ये कापून घेतले असतील, तर 'आय हॅड माय हेअर कट'. मराठीत जिथे 'करून घेणे' येतं, तिथे ही रचना बसते. गाडी धुऊन घेतली, तर 'आय हॅड माय कार वॉश्ड'.

लक्षात काय ठेवायचं?

मराठी वाक्याचं शब्दशः भाषांतर करण्याआधी एवढं तपासा: इथे काही 'आहे', काही 'चालू आहे', काही 'करावं लागतं' की काही 'करून घेतलं'? उत्तर मिळालं की 'हॅव'चं योग्य रूप निवडणं सोपं जातं. मुलाखतीच्या तयारीत स्वतःच्या कुटुंबाबद्दलची चार-पाच वाक्यं या पद्धतीने मोठ्याने म्हणून पाहिली, तर 'हॅविंग'ची सवय सुटायला मदत होते.