विश्रांतीने वाढणारी कंबरदुखी

कंबरदुखीचा अनुभव नाही असे घर शोधूनही सापडावयाचे नाही. गॅसचे सिलिंडर उचलताना लचक भरते, खड्ड्यांतून स्कूटर चालवून पाठ अवघडते, दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरते. मग घरातील वडीलधारी मंडळी तेल चोळून देतात, शेकावयास सांगतात, 'दोन दिवस पडून राहा' असा सल्ला देतात आणि बहुधा आठवड्याभरात दुखणे जाते. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की कंबरदुखीवर विश्रांती हाच उपाय, ही गोष्ट आपल्या घरोघरी जणू सिद्धान्त होऊन बसली आहे.

परंतु या सिद्धान्ताला सपशेल अपवाद असलेला एक विकार आहे. तो ऐन पंचविशीत गाठतो, विश्रांतीने वाढतो आणि हालचालीने हलका होतो. त्याचे वैद्यकीय नाव अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस. दाह होऊन मणके एकमेकांशी जखडणे, असा त्याचा अर्थ. दुखणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत अनेक रुग्णांची पाच ते दहा वर्षे निघून जातात, असे देशोदेशींच्या डॉक्टरांना आढळून आले आहे. ही वर्षे वाया जाण्यात जसा वैद्यकीय अडचणींचा भाग आहे, तसा घरच्या समजुतीचाही आहे. म्हणून कुटुंबातील सर्वांनी वाचावा असा हा विषय आहे, असे आम्हांस वाटते.

नावाचा घोटाळा

आपल्याकडे मान दुखू लागली, गळ्यात पट्टा आला, की 'स्पाँडिलायटिस झाला' असे म्हणण्याचा प्रघात आहे. बहुतेक वेळा ते दुखणे वयोमानाने मणक्यांची व मधल्या गाद्यांची झीज झाल्यामुळे असते आणि त्याचे खरे नाव स्पाँडिलोसिस. नावे जवळजवळ सारखी, पण विकार अगदी निराळे. एकात झीज, दुसऱ्यात दाह. एक सहसा उतारवयातला, दुसरा तारुण्यातला. आजोबांचा पट्टा व आजोबांच्या गोळ्या नातवाला देण्याचा मोह म्हणूनच घातक ठरतो.

विकाराची वाटचाल

शरीराचे रक्षण करणारी जी यंत्रणा असते, तीच येथे बिघडते आणि स्वतःच्या सांध्यांवर उलटते. पाठीचा कणा खाली जेथे कटीच्या हाडांना दोन्ही बाजूंनी जोडलेला असतो, तेथील सांध्यांत बहुधा आरंभ होतो. त्यामुळे दुखणे कुल्ल्यांत खोलवर जाणवते. कधी उजवीकडे, तर कधी डावीकडे. पुढे दाह मणक्यांकडे चढतो. स्नायुबंध जेथे हाडाला चिकटतात त्या जागा सुजतात, आणि ही इजा भरून काढण्याच्या खटपटीत शरीर तेथे नवे हाड घडवू लागते. दोन मणक्यांमध्ये हाडाचे पूल बांधले जातात. अशा कण्याचा एक्स-रे बांबूसारखा पेरापेरांचा दिसतो, म्हणून त्याला 'बांबूचा कणा' म्हणतात. सर्वच रुग्णांवर ही पाळी येत नाही. पण ज्यांच्यावर येते त्यांना मान वळवून मागे पाहणेही अशक्य होते.

विकार जुनाच आहे. बर्नार्ड कॉनर या आयरिश वैद्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस मणके जोडले गेलेल्या एका सांगाड्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात रशियाचे बेख्तेरेव, जर्मनीचे स्ट्र्युंपेल व फ्रान्सचे पिएर मारी यांनी रुग्णांची रीतसर वर्णने केली. 1973 मध्ये लंडन व लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे असे दाखवून दिले की, बहुसंख्य रुग्णांत 'एचएलए-बी 27' नावाचा एक आनुवंशिक घटक असतो.

ओळखावे कसे?

पाच खुणा ध्यानात ठेवाव्यात. दुखणे चाळिशीच्या आत सुरू झालेले असते. ते एकाएकी लचक भरावी तसे न येता नकळत येते आणि तीन महिन्यांहून अधिक टिकते. पडून राहून ते थांबत नाही. चालण्याफिरण्याने व व्यायामाने उतार पडतो. आणि रात्रीच्या उत्तरार्धात दुखण्याने जाग येते, उठून येरझाऱ्या घातल्या की बरे वाटते. सकाळी अंग लाकडासारखे ताठलेले असते व मोकळे होण्यास अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो.

या शेवटच्या खुणेपायी कित्येक तरुणांना घरात बोलणी खावी लागतात. सकाळी नऊपर्यंत अंथरुणातून न निघणारा मुलगा दुपारी मित्रांबरोबर हिंडताना दिसला, की त्याच्या दुखण्यावर कोणाचा विश्वास बसावा? वस्तुतः सकाळी ताठलेला मनुष्य दुपारी मोकळा होणे हेच या विकाराचे लक्षण आहे. स्त्रियांची उपेक्षा तर याहून अधिक होते. हा पुरुषांचा रोग, असा समज दीर्घकाळ होता. स्त्रियांमध्ये एक्स-रेमधील बदल बहुधा सावकाश होतात, त्यामुळे 'बाळंतपणानंतरची अशक्तता' किंवा 'कामाचा शीण' म्हणून बोळवण होते.

कण्याबाहेरच्या खुणाही असतात. टाच दुखते, एखादा गुडघा किंवा घोटा सुजतो, खुब्याचा सांधा आखडतो. आमवातात बोटांचे लहान सांधे दोन्ही हातांना सारखेच सुजतात, येथे बहुधा पायांचे मोठे सांधे एकेका बाजूने धरतात. सोरायसिस हा त्वचारोग किंवा आतड्यांचा जुनाट दाह असलेल्यांनाही या जातीचा संधिवात होऊ शकतो. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना केव्हा ना केव्हा डोळ्याच्या आतील पडद्याचा दाह होतो. एक डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सहन होत नाही. 'डोळे आले' असे समजून गुलाबपाणी घालत बसू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे, अन्यथा दृष्टीस अपाय होतो.

तपासण्यांचा अर्थ

डॉक्टर कंबरेवर दहा सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करून पुढे वाकावयास सांगतात. निरोगी कण्यात हे अंतर साधारण पाच सेंटिमीटरने वाढते. जखडलेल्या कण्यात कमी वाढते. दीर्घ श्वास घेताना छाती किती फुगते, भिंतीला पाठ व टाचा लावून उभे राहिल्यास डोके भिंतीला टेकते की नाही, हेही पाहतात.

रक्तातील दाहाच्या तपासण्या, म्हणजे ईएसआर व सीआरपी, कित्येक रुग्णांत स्वच्छ येतात. एक्स-रेत बदल दिसण्यास काही वर्षे लागू शकतात. 1984 पासून प्रचारात असलेल्या निदानाच्या कसोट्यांत एक्स-रेतील बदल आवश्यक मानला होता. 2009 च्या नव्या कसोट्यांत एमआरआयला स्थान मिळाले, कारण हाडातील दाह त्यात पुष्कळ आधी दिसतो. यास्तव 'एक्स-रे चांगला आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. लक्षणे जुळत असतील तर संधिवाततज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

बी 27 च्या अहवालाबद्दल दोन शब्द. हा घटक असलेल्या शंभर माणसांपैकी फार थोड्यांनाच हा विकार होतो. आईवडिलांपैकी एकाकडून तो मुलात येण्याचा संभव सामान्यतः निम्मा असतो. परंतु घटक येणे म्हणजे रोग येणे नव्हे. काही लक्षण नसताना मुलांची ही तपासणी करून भीती ओढवून घेऊ नये. या अहवालावरून कोणाचे स्थळ मोडणे तर सर्वथा अन्यायाचे आहे. हा संसर्गजन्य रोग नाही, आणि उपचार घेणारे स्त्रीपुरुष संसार करतात, त्यांना मुलेबाळेही होतात. मूल हवे असल्यास चालू औषधांविषयी डॉक्टरांशी आधी बोलावे, एवढे पथ्य मात्र पाळावे.

उपचार

जुम्मादादा व्यायाममंदिराचा वारसा सांगणाऱ्या बडोदेकरांना व्यायामाचे महत्त्व आम्ही सांगावयास नको. या विकारात तर व्यायाम हे औषधच आहे, तेही आयुष्यभराचे. कणा ताठ व लांब ठेवणारे ताण, दीर्घ श्वसन, पोहणे आणि रोज काही वेळ पालथे पडून राहणे यांचा उपयोग होतो. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम नीट शिकून घ्यावेत. गादी घट्ट असावी, उशी पातळ असावी. धूम्रपानाने कण्याची हानी अधिक वेगाने होते, ते सोडावेच. आणि केशकर्तनालयात मान मोडून घेण्याची हौस या रुग्णांनी कायमची विसरावी. जखडलेला कणा ठिसूळ असतो, लहानशा झटक्यानेही तो मोडू शकतो.

औषधांत पहिले स्थान दाहशामक वेदनाहारक गोळ्यांचे. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात, कारण जठर व मूत्रपिंड यांना त्यांपासून धोका असतो. सल्फासॅलॅझिन हातापायांच्या सांध्यांना उपयोगी पडते, कण्याला फारसे नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेऊन कण्याचा विकार आटोक्यात येत नाही. म्हणून 'सर्व वातांवर रामबाण' असे सांगून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांपासून दूर राहावे.

गोळ्यांनी भागले नाही तर 2003 पासून या विकारासाठी प्रचारात आलेली जैविक इंजेक्शने आहेत. ती दाहाच्या मुळाशी असलेले विशिष्ट पदार्थच निकामी करतात. अलीकडे काही नव्या गोळ्याही निघाल्या आहेत. ही इंजेक्शने महाग खरी, परंतु 2014 मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने अ‍ॅडालिमुमॅब या औषधाची तुल्य आवृत्ती बाजारात आणली, तेव्हापासून स्वस्त पर्याय उपलब्ध झाले आहेत. ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी अत्यावश्यक आहे, कारण शरीरात सुप्त असलेला क्षय या औषधांनी उचल खाऊ शकतो. खुबा पुरता निकामी झाल्यास तो बदलण्याची शस्त्रक्रिया रुग्णाला पुन्हा चालते करते.

जडलेले हाड औषधाने सुटे होत नाही, हे मात्र खरे. म्हणून आरंभीची वर्षेच मोलाची. घरातील तरुण मुलगा वा मुलगी महिनोन्महिने कंबर धरून उठत असेल, तर रागावण्यापूर्वी किंवा तेलाची बाटली काढण्यापूर्वी एवढेच विचारावे : 'पडून राहिल्याने बरे वाटते, की हिंडल्याफिरल्याने?' उत्तर 'हिंडल्याने' असे आले, तर डॉक्टरांकडे जाताना तेच उत्तर त्यांना आधी सांगावे.