दालचिनी लोफ विकायचा आहे? आधी वजनकाटा घ्या



घरून बेकरी सुरू करायची म्हटलं की बहुतेक जण थेट आयसिंगच्या केककडे धावतात. माझं मत वेगळं आहे. पहिलं प्रॉडक्ट म्हणून दालचिनी लोफ घ्या. अमेरिकेत या प्रकाराला क्विक ब्रेड म्हणतात, कारण यात यीस्ट नाही आणि पीठ फुगायची वाट बघावी लागत नाही. क्रीमही नाही, त्यामुळे स्कूटरवरून डिलिव्हरी दिली तरी बॉक्स उघडल्यावर धक्का बसत नाही.

एका लोफचं माप लिहून घ्या. मैदा २४० ग्रॅम, साखर १४० ग्रॅम, दही २०० ग्रॅम, तेल ८० मिली, दूध ६० मिली, बेकिंग पावडर दीड टीस्पून, सोडा अर्धा टीस्पून, चिमूटभर मीठ. मधल्या थरासाठी साखर ६० ग्रॅम आणि दालचिनी पूड एक टेबलस्पून. वाटीने मोजू नका. आज दाबून भरली, उद्या सैल भरली, की लोफ बदलला; आणि गिऱ्हाइकाला कालचाच लोफ हवा असतो.

ओव्हन आधी १८० डिग्रीवर तापवून ठेवा. सोडा आणि दही भेटले की गॅस लगेच सुटायला लागतो, तो तुमच्यासाठी थांबत नाही. कोरडं-ओलं एकत्र करून मैदा दिसेनासा झाला की हात थांबवा. जास्त फेटलं तर लोफ चिवट होतो. ८ बाय ४ इंची टिनमध्ये अर्धं मिश्रण, वर दालचिनी-साखर, वर उरलेलं मिश्रण. साखर टिनच्या कडेला लागू देऊ नका, तिथे ती करपून चिकटते. ५० ते ६० मिनिटं लागतात. काडी स्वच्छ निघाली की झालं.

आता खरा विषय, किंमत. समजा, एका वेळी दोन टिन लावले. सामान १२६ रुपये, बॉक्स-बटर पेपर-स्टिकर ४४, वीज १५. तुमच्या भागातले दर टाकून हे आकडे बदला. म्हणजे एका लोफला ९२-९३ रुपये. "दीडशेला विकला, ५७ सुटले!" असं वाटतं ना? थांबा. दीड तास उभं कोण राहिलं? तासाला १०० धरले तरी मजुरी १५० झाली. एकूण ३३५, म्हणजे लोफमागे १६८. फुटलेले, करपलेले, चवीला वाटलेले यांचे १० टक्के धरा, १८५ झाले. दीडशेला विकलात तर ३५ रुपये तुमच्याच मजुरीतून गेले. हा लोफ २४०-२५० च्या खाली देऊ नका. शेजारच्या बेकरीच्या स्पंज केकशी तुलना करणारं गिऱ्हाईक तुमचं नाहीच.

२५० का द्यायचे, याचं उत्तर दालचिनीत आहे. बाजारात स्वस्तात मिळणारी जाड, कडक साल बहुतेक वेळा तज असते. खरी दालचिनी पातळ, पापुद्र्यांची गुंडाळी असते आणि बोटांनी मोडते. अन्नसुरक्षेच्या नियमांत या दोन्हींचे निकष वेगळे आहेत, तेव्हा तज घालून लेबलवर दालचिनी छापू नका. आपल्या कोकणात खरी दालचिनी होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' जात तर प्रसिद्धच आहे. बागायतदाराकडून थेट घ्या आणि लेबलवर तसं लिहा. हे मोठ्या बेकरीला जमत नाही, तुम्हाला जमतं.

पहिली ऑर्डर घेण्याआधी एफएसएसएआय नोंदणी करा, ऑनलाइन होते. पॅकवर नोंदणी क्रमांक, घटक, वजन, बनवल्याची तारीख हवीच. रेसिपीत अंडं घातलंत तर हिरवी खूण चालणार नाही.

आणि टिकतो किती, हे नेटवर शोधू नका. लोफ पूर्ण गार झाल्यावरच पॅक करा, कोमट असताना गुंडाळला की आत वाफ धरते आणि बुरशी लवकर येते. एक लोफ पॅक करून ओट्यावर ठेवा, रोज एक स्लाइस कापून वास, चव, ओलावा वहीत लिहा. पावसाळ्यात हीच चाचणी पुन्हा करा, तेव्हाचे दिवस कमी भरतील. जो आकडा येईल त्यातून एक दिवस वजा करून लेबलवर टाका.